मेमरी कार्ड, एम्बेडेड संगणकातील

एम्बेडेड संगणकात (एखाद्या यंत्रात ठरावीक कामासाठी बसवलेल्या संगणकात) हार्ड डिस्कऐवजी कार्यप्रणाली व नोंदी साठवण्यासाठी वापरतात ते फ्लॅश मेमरीचे, म्हणजे वीज गेली तरी माहिती टिकवणाऱ्या चिपचे कार्ड. कॉम्पॅक्टफ्लॅश (1994) आणि एसडी (1999) हे प्रमुख प्रकार. 2012 मध्ये आलेल्या रास्पबेरी पाय या छोट्या, स्वस्त संगणकामुळे एसडी कार्डावरून संगणक चालवण्याचा प्रघात पडला.

फ्लॅशचे जनकत्व तोशिबातील फुजिओ मासुओका यांना देतात. त्यांनी पेशी (माहितीचे बिट साठवणारे घटक) जोडण्याची नॉर रचना 1984 मध्ये व नँड रचना 1987 मध्ये मांडली. मूळ कल्पना 1980 च्या सुमाराची असावी. तिचा आधार असलेले, पेशीत विद्युतभार धरून ठेवणारे फ्लोटिंग गेट मात्र कांग व झी यांनी बेल प्रयोगशाळेत 1967 मध्येच वर्णिले होते. इंटेलने 1988 मध्ये नॉर चिप बाजारात आणली म्हणून शोधही तिचाच मानणे सयुक्तिक वाटत नाही.

कार्डांत वापरतात त्या नँडमध्ये लिहिणे पानागणिक होते, पुसणे ब्लॉकगणिक. पान काही किलोबाइटचे, तर ब्लॉक त्याच्या कैक पट मोठा. त्यामुळे लॉगमध्ये (घडामोडींच्या नोंदींच्या फाइलमध्ये) शंभर बाइटची ओळ वाढली तरी पूर्ण पान खर्ची पडते. पेशीत एकच बिट ठेवल्यास ती साधारण 1 लाख वेळा पुसता येते. तीन बिट ठेवल्यास हा आकडा बहुधा हजारांतच राहतो. कार्ड बिघडले की बहुतेक जण या झिजेला दोष देतात. लहान यंत्रांत मात्र लिहिताना वीज जाणे हेच अधिक संभाव्य कारण दिसते. कोणते पान कुठे आहे याचा तक्ता कार्डातला नियंत्रक सांभाळतो. तक्ता अर्धवट लिहिला गेला तर फाइल सिस्टिमचे जर्नलही (बिघाडातून सावरण्यासाठी ठेवलेली बदलांची नोंद) उपयोगी पडत नाही, कारण जर्नल त्याच तक्त्याच्या भरवशावर असते. स्वस्त कार्डांत अशा वेळेसाठी राखीव विजेची सोय सहसा नसते.

सोलापूरसारख्या गावी उष्णतेचाही विचार करावा लागतो. इथे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, आणि चादर-टॉवेलच्या कारखान्यात मागाशेजारच्या बंद पॅनेलमध्ये तापमान त्याहून चढते. तापलेल्या पेशीतून विद्युतभार लवकर गळतो. पेशी जितकी झिजलेली, तितकी गळती जास्त. शिवाय पॅनेलला लाइट गेल्यावर रीतसर बंद होण्याइतकी उसंत मिळतेच असे नाही.

यावर मूळ विभाजन (कार्डाचा कार्यप्रणाली असलेला भाग) केवळ वाचनासाठी जोडणे, लॉग रॅममध्ये ठेवणे आणि बदलत्या नोंदींना वेगळे विभाजन देणे हे उपाय रूढ आहेत. वीज गेल्यावर काही सेकंद पुरवठा टिकवणारा सुपरकपॅसिटर जोडल्यास संगणकाला चालू लेखन पुरे करून बंद होता येते. औद्योगिक दर्जाची कार्डे बहुधा उणे 40 ते 85 अंश सेल्सिअसपर्यंत चालतात, पण किंमत बरीच जास्त असते.