तीन नंबरचा बावटा: आकड्यांची पार्श्वभूमी

अरबी समुद्रात कमी दाबाचे क्षेत्र तयार झाले की ‘बंदरांवर तीन नंबरचा बावटा’ ही ओळ कोकणच्या बातम्यांत येतेच. बावटा म्हणजे बंदरावरून जहाजांना दिलेला वादळी हवामानाचा इशारा, पण ते कापडी निशाण नव्हे. दिवसा डोलकाठीवर काळे शंकू आणि नळकांडी चढवतात, रात्री लाल-पांढरे दिवे लावतात. शंकू-नळकांड्यांची ही रीत ब्रिटनमध्ये १८६१ साली सुरू झाली. कापड वादळात फाटते, लांबून त्याचा रंग ओळखू येत नाही. शंकू मात्र चारही बाजूंनी सारखाच दिसतो.

आपल्याकडे निमित्त झाले ते ऑक्टोबर १८६४ मधल्या कोलकात्याच्या चक्रीवादळाचे. पुढच्याच वर्षी तिथल्या बंदरात इशारे सुरू झाले. मुंबई, रत्नागिरी, वेंगुर्ला ही बंदरे १८८० मध्ये या व्यवस्थेत आली. तेव्हा बंदरागणिक खुणा वेगळ्या होत्या. १८९८ पासून सगळीकडे एकच पद्धत लागू झाली.

खरा गुंता आकड्यांचा आहे. १ ते ११ ही तीव्रतेची चढती शिडी आहे असेच बहुतेक जण धरून चालतात, आणि हे चूक आहे. १ आणि २ म्हणजे वादळ दूर समुद्रात आहे. धोका बंदराला नाही, बंदर सोडून निघणाऱ्या जहाजाला आहे. ३ आणि ४ खुद्द बंदरासाठी. तीन नंबर सोसाट्याच्या वाऱ्यासाठीही लागतो, त्याला चक्रीवादळच हवे असे नाही. पावसाळ्यात तो पुन्हा पुन्हा चढतो, म्हणूनच त्याची भीती उरत नाही.

५, ६ आणि ७ या तिन्ही इशाऱ्यांत वादळाचा जोर एकच असतो, फरक फक्त बाजूचा. वादळ ज्या दिशेला सरकते आहे त्या दिशेला तोंड करून उभे राहिल्यास बंदर डाव्या हाताला येत असेल तर ५, उजव्या हाताला ६, वादळ बंदरावरून किंवा अगदी जवळून जाणार असेल तर ७. वादळ तीव्र असेल तर हेच तीन इशारे ८, ९, १० होतात. म्हणजे ५ चा जोडीदार ८, ६ चा ९, ७ चा १०. आणि ११ हा १० पेक्षा मोठा नव्हेच: इशारा केंद्राशी संपर्क तुटला आहे आणि हवामान बिघडण्याचा धोका आहे असे स्थानिक बंदर अधिकाऱ्याचे मत झाले आहे, एवढाच त्याचा अर्थ.

डावे-उजवे क्षुल्लक नाही. आपल्या गोलार्धात चक्रीवादळाचे वारे घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरतात. कोकणावर चालून येणाऱ्या वादळाच्या डावीकडे, म्हणजे उत्तरेला, वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. उजवीकडे तो समुद्राचे पाणी किनाऱ्यावर रेटतो. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ श्रीवर्धन परिसरात धडकले तेव्हा मुंबई डावीकडे राहिली आणि बरीचशी वाचली. उजवीकडच्या दापोली, मंडणगडच्या बागा आडव्या झाल्या. कप्तानाला या आकड्यातून वारा कुठल्या दिशेने येणार, जहाज बांधलेला कुठला दोर दुप्पट करायचा हे कळते. बातमीत नुसता आकडा देऊन बाजू गाळली, तर इशाऱ्यातला सर्वांत उपयोगी भागच गळतो.

लहान बंदरांवर ३, ४, ७, १० आणि ११ हे पाचच इशारे लावतात. तिथे ४ वरून एकदम ७ झाला तर मधले इशारे चुकले असे नाही.

ओडिशातल्या १९९९ च्या महाचक्रीवादळाच्या सुमारास किनाऱ्यावरच्या लोकांसाठी वेगळी चार टप्प्यांची पद्धत आली: ७२ तास आधी पूर्वसूचना, ४८ तास आधी सावधगिरी, २४ तास आधी इशारा, १२ तास आधी जमिनीवरच्या परिणामांचा अंदाज. २००६ पासून शेवटच्या तिघांना पिवळा, नारिंगी, लाल असे रंग मिळाले. मात्र पावसाच्या जिल्हावार इशाऱ्यांतही हेच रंग असल्याने नवा घोळ झाला.

२०१७ च्या ‘ओखी’ चक्रीवादळाने आणखी एक उणीव उघडी पाडली. खोल समुद्रातल्या बोटीला डोलकाठी दिसत नाही, मोबाइलची रेंजही किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर संपते. केरळ-तामिळनाडूचे शेकडो मच्छीमार तेव्हा देवगड बंदरात आसऱ्याला आले. त्यानंतर उपग्रहावरून थेट बोटीवर इशारा पोहोचवणाऱ्या यंत्रांवर भर दिला जाऊ लागला.