थोरियम

थोरियम हे निसर्गात आढळणारे किरणोत्सर्गी धातुरूप मूलद्रव्य. अणुक्रमांक ९०, अणुभार २३२.०४, आवर्त सारणीत ॲक्टिनाइड श्रेणीत त्याचे स्थान आहे. शुद्ध धातू रुपेरी आणि मऊ असतो. हवेत राहिला की ऑक्साइडचा थर चढून करडा, पुढे काळपट होतो. घनता दर घन सेंमी.ला ११.७ ग्रॅम, म्हणजे शिशाहून किंचित जास्त. वितळबिंदू सुमारे १,७५०° से. बारीक भुकटी हवेत आपोआप पेट घेऊ शकते.

स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ बर्झीलियस यांनी नॉर्वेतून आलेल्या काळ्या खनिजात १८२९च्या सुमारास ते शोधले आणि त्याला थॉर या नॉर्डिक देवाचे नाव दिले. त्याचा किरणोत्सर्ग १८९८ मध्ये श्मिट आणि मारी क्युरी यांना स्वतंत्रपणे आढळला. थोरियम-२३२ या मुख्य समस्थानिकाचे (मूलद्रव्याच्या ठरावीक वस्तुमानाच्या प्रकाराचे) अर्धायुष्य, म्हणजे निम्मे अणू क्षय पावायला लागणारा काळ, सुमारे १,४०५ कोटी वर्षे, विश्वाच्या वयाहूनही थोडे जास्त आहे. म्हणून पृथ्वी घडताना तिच्यात आलेले बहुतेक थोरियम अजून शिल्लक आहे. भूकवचात ते युरेनियमच्या तिपटीहून अधिक भरते. थोरियम क्षय पावत एकामागून एक दुसरी मूलद्रव्ये बनत जातात; या क्षयमालेत वाटेत थोरॉन हा किरणोत्सर्गी वायू बनतो आणि माला शिसे-२०८ पाशी थांबते.

आपल्याकडच्या कित्येक पिढ्यांनी थोरियम पाहिले आहे, ते गॅसबत्तीच्या मँटलमध्ये. वरातीत, जत्रेत, तमाशाच्या फडावर ज्या बत्त्या जळत, त्यांच्या मँटलची जाळी थोरियम आणि सिरियम यांच्या क्षारांत भिजवलेली असे. नवा मँटल बांधून काडी लावली की कापड जळून जाई आणि ऑक्साइडचा पांढरा, ठिसूळ सांगाडा उरे. बत्तीला धक्का लागला तरी तो ढासळे. थोरियम ऑक्साइड सुमारे ३,३०० अंशांपर्यंत वितळत नाही, त्यामुळे तो ज्वालेत टिकतो. मात्र त्याचा स्वतःचा उजेड मंद. सुमारे ९९ टक्के थोरियम ऑक्साइडात १ टक्का सिरियम ऑक्साइड मिसळले की लख्ख प्रकाश पडतो, हे ऑस्ट्रियाच्या आउअर फॉन वेल्सबाख यांनी दाखवले. हल्ली अनेक मँटलमध्ये इट्रियम वापरतात.

आर्गॉन वेल्डिंगच्या लाल पट्टीच्या टंगस्टन इलेक्ट्रोडमध्ये सुमारे २ टक्के थोरियम ऑक्साइड असते. त्याने आर्क चटकन धरतो आणि स्थिर राहतो. धोका आहे तो टोक घासताना उडणाऱ्या धुळीचा. थोरियमचे आल्फा कण कातडीतून आत जात नाहीत, पण श्वासावाटे धूळ फुप्फुसात बसली तर इजा करतात. थोरोट्रास्टने हा धडा फार क्रूरपणे शिकवला. थोरियम ऑक्साइडचे हे द्रावण १९३० नंतर क्ष-किरण तपासणीसाठी रक्तवाहिन्यांत टोचले जाई. ते शरीराबाहेर पडत नसे, यकृतात साठून राही, आणि अनेक रुग्णांना वर्षांनंतर यकृताचा कर्करोग झाला.

भारतात थोरियमचा मुख्य स्रोत म्हणजे केरळ, तमिळनाडू, ओडिशा आणि आंध्र प्रदेश यांच्या किनाऱ्यावरील वाळूतले मोनाझाइट हे खनिज. या साठ्याच्या जोरावर देश लगेच विजेत स्वयंपूर्ण होईल, असे पुष्कळदा लिहिले जाते. ते खरे नाही. थोरियम-२३२ मध्ये अणुविखंडनाची (अणुकेंद्र फुटून ऊर्जा सुटण्याची) साखळी आपोआप सुरू राहत नाही. आधी त्याने न्यूट्रॉन शोषावा लागतो. मग त्याचे प्रोटॅक्टिनियम-२३३ आणि त्यापासून, सुमारे २७ दिवसांच्या अर्धायुष्याने, युरेनियम-२३३ बनते. खरे इंधन हे युरेनियम. न्यूट्रॉन पुरवायला दुसरे विखंडनक्षम द्रव्य हवेच.

होमी भाभांच्या तीन टप्प्यांच्या आराखड्याचे कारण हेच. पहिल्या टप्प्यात नैसर्गिक युरेनियमवरच्या जडपाणी अणुभट्ट्या प्लुटोनियम देतात, दुसऱ्यात द्रुत प्रजनक भट्ट्या, म्हणजे जळते त्याहून जास्त इंधन बनवणाऱ्या भट्ट्या, विखंडनक्षम द्रव्याचा साठा वाढवतात, आणि मगच थोरियमची पाळी येते. मधला टप्पा गाळता येत नाही. कल्पाक्कम येथील ‘कामिनी’ ही ३० किलोवॅटची संशोधन भट्टी १९९६ पासून युरेनियम-२३३ वर चालते. तिच्या न्यूट्रॉनांनी यंत्रभागांची अंतर्गत तपासणी होते.

सर्वांत कठीण काम भट्टीबाहेर आहे. युरेनियम-२३३ बरोबर थोडे युरेनियम-२३२ तयार होते आणि त्याच्या क्षयातून येणारे थॅलियम-२०८ अतिशय भेदक गॅमा किरण सोडते. त्यामुळे वापरलेल्या थोरियमातून युरेनियम वेगळे करणे आणि त्याच्या इंधन-कांड्या बनवणे जाड आवरणाआड, दूरनियंत्रित यंत्रांनीच करावे लागते.