हाजी अली ते धारावी : सीपीच्या मुलांची थेरपी घरात कशी पोचली

मुंबईत सेरेब्रल पाल्सीच्या (मेंदूच्या इजेमुळे हालचालीवर ताबा नसण्याच्या), म्हणजे सगळे म्हणतात त्या ‘सीपी’च्या, मुलांवरचे उपचार सुरू झाले ते पोलिओच्या सावलीत. फातिमा इस्माईल यांच्या मुलीला पोलिओ झाला. तिच्यासाठी केलेल्या धडपडीतून १९४७ मध्ये इथे अशा मुलांसाठी केंद्र उभं राहिलं आणि पुढे त्यातूनच हाजी अलीचं मुलांचं अस्थिव्यंग रुग्णालय आलं. १९५० मध्ये कमला निंबकर यांनी परळच्या केईएम रुग्णालयात ऑक्युपेशनल थेरपीची, म्हणजे रोजची कामं स्वतः करता यावीत म्हणून दिल्या जाणाऱ्या उपचारांची, शाळा सुरू केली. जन्मानं त्या अमेरिकन, लग्नानंतर इथल्याच झालेल्या. १९५५ मध्ये हाजी अलीलाच केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था आली. परळ ते हाजी अली एवढ्या टापूत देशातल्या पुनर्वसनाची बरीच पायाभरणी झाली, पण तिथली हत्यारं, पायाला बांधायचे कॅलिपर आणि शस्त्रक्रियेचे आडाखे मुख्यतः पोलिओचे होते.

पोलिओचा पाय लुळा पडतो, कारण मज्जारज्जूतल्या चेतापेशी मेलेल्या असतात. सीपीमध्ये इजा मेंदूला झालेली असते. स्नायू जिवंत असतात, पण त्यांना मिळणारा हुकूम चुकीचा असतो. बहुतेक मुलांत पाय ताठर होतात, काहींत हातपाय सारखे वळवळतात (जन्मानंतरच्या तीव्र काविळीनं इजा झाली असेल तर हे जास्त दिसतं). लुळ्या पायाला आधार देणारा कॅलिपर ताठर पायात घातला की पाय त्याच्याशी झगडतो आणि कातडी सोलवटते. चवड्यावर चालणाऱ्या मुलाची घोट्यामागची शीर (टाचेचा कंडरा) शस्त्रक्रियेत गरजेपेक्षा जास्त सैल केली, तर टाच टेकते खरी, पण काही वर्षांत मूल गुडघ्यात वाकून चालू लागतं, आणि ते सुधारणं पहिल्या दुखण्याहून अवघड असतं.

वैद्यकशास्त्रात हा फरक नवा नव्हता. लंडनचे शल्यचिकित्सक विल्यम लिटल यांनी अवघड बाळंतपण आणि मुलांमधला ताठरपणा यांचा संबंध १८६० च्या दशकाच्या सुरुवातीलाच मांडला होता. १८९७ मध्ये फ्रॉइड यांनी, हो, त्याच मनोविश्लेषणवाल्या फ्रॉइड यांनी, वेगळी शंका काढली : बाळंतपण अवघड होणं हे कारण नसून पोटातच झालेल्या बिघाडाचं लक्षणही असू शकतं. आजही घराघरांत ‘बाळ जन्मल्यावर रडलं नाही’ हे वाक्य आईवर ठपका ठेवायला वापरलं जातं. शंभरहून जास्त वर्षांपूर्वीची ही शंका तिच्यापर्यंत पोचायलाच हवी.

१९४० च्या दशकात लंडनमध्ये बर्टा आणि कारेल बोबाथ यांनी हाताळणीची पद्धत विकसित केली : मुलाला अशा स्थितीत धरायचं की ताठरपणा उतरेल, आणि मग हालचाल करवून घ्यायची. मुंबईच्या थेरपिस्टांच्या पिढ्या याच विचारावर घडल्या. या पद्धतीनं सीपीला पोलिओच्या चौकटीतून बाहेर काढलं, हे तिचं मोठं ऋण. अडचण एकच होती, सगळी किमया तरबेज हातांत होती आणि ते हात इस्पितळात होते.

१९७२ मध्ये मिथू अलूर यांनी मुंबईत स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया स्थापन केली. तिची पहिली शाळा कुलाब्यात निघाली, आणि शिक्षण व थेरपी एकाच छताखाली आली. पुढे संस्थेनं धारावीतही काम उभं केलं, आणि तिथे खरा प्रश्न समोर आला. गोवंडीच्या किंवा धारावीच्या आईला बारा किलोचं ताठर मूल कडेवर घेऊन बस, लोकल, पुन्हा बस करावी लागते. आठवड्यातून दोनदा चाळीस मिनिटांची थेरपी मिळाली, तरी ती आठवड्याच्या १६८ तासांतली जेमतेम एक तास वीस मिनिटं. त्यासाठी रोजी बुडते. नळाला पाणी सकाळी येत असेल तर सकाळची वेळ गाठता येत नाही. पावसाळ्यात खाडे होतात, मे महिन्यात गावी जाणं होतं, आणि केसपेपरवर शेरा पडतो ‘पालक अनियमित’. हा शेरा अन्यायाचा आहे.

जगात हाच पेच सगळ्या गरीब वस्त्यांत होता. सर्वांना प्राथमिक आरोग्यसेवा मिळावी असं सांगणाऱ्या १९७८ च्या अल्मा आटा जाहीरनाम्यानंतर जागतिक आरोग्य संघटनेत आइनार हेलांडर आणि सहकाऱ्यांनी ‘समुदाय आधारित पुनर्वसन’, म्हणजे पुनर्वसन इस्पितळाऐवजी वस्तीत आणि घरात, ही कल्पना मांडली. त्यांच्या प्रशिक्षण पुस्तिका १९८९ मध्ये पक्क्या स्वरूपात आल्या. मेक्सिकोत डेव्हिड वर्नर ज्या गावच्या केंद्रासोबत काम करत होते, तिथे स्वतः अपंग असलेली माणसंच साधनं बनवत आणि उपचार शिकवत. झिंबाब्वेत बेव्हिल पॅकर यांनी रद्दी कागद आणि पुठ्ठ्यातून खुर्च्या घडवायचं तंत्र रुजवलं. धारावीत, भंगार-रद्दीच्या तेरा कंपाउंडच्या शेजारी, पुठ्ठ्याला काय तोटा!

कोपऱ्यात बसवायची खुर्ची, म्हणजे कॉर्नर सीट, या तंत्रानं अशी होते. खोक्याच्या पुठ्ठ्याचे सहा-सात थर मैद्याच्या खळीनं चिकटवायचे. एका थराच्या नळ्या उभ्या, पुढच्याच्या आडव्या, नाहीतर फळी वाकते. ओझ्याखाली एक रात्र, मग पंख्याखाली चार-पाच दिवस. पाठीच्या दोन फळ्या काटकोनात जोडायच्या, उंची मुलाच्या खांद्यापर्यंत, म्हणजे खांदे पुढे येतात आणि हात मधोमध भेटतात. मांड्यांमध्ये साधारण दहा सेंटिमीटर रुंद खुंटी. पट्टा पोटावर नाही, कमरेच्या खाली, मांडीच्या घडीवर. समोर कोपराच्या उंचीला पाटाएवढी फळी. बुकबाइंडर खळीत मोरचूद घालतात म्हणजे झुरळं लागत नाहीत. इथे ते घालायचं नाही, मूल खुर्ची चाटतं आणि मोरचूद विषारी आहे. बाहेरून शिसं नसलेला रंग द्यायचा. जुलैत मात्र ही खुर्ची करायला घेऊ नये, आतला थर सुकत नाही आणि बुरशी धरते.

सगळ्यात जास्त चुकतं ते बैठकीत. पाय सरळ पसरून बसवलं की मांडीमागचे आखडलेले स्नायू कंबर मागे ओढतात, मूल माकडहाडावर घसरतं, पाठीला पोक येतो. आई समजते की पट्टा सैल आहे, आणि तो आवळते. उपाय म्हणजे बुडाखाली दहा-पंधरा सेंटिमीटरची उंची आणि गुडघे वाकलेले. आणि खुर्चीतली बैठक एका वेळी वीस-तीस मिनिटांचीच. दिवसभर त्यात ठेवलेलं मूल खुर्चीच्याच आकारात आखडतं.

आपल्याकडची कडेवर घेण्याची रीत याच कामी येते. कडेवर मांड्या आपोआप फाकतात, एकमेकांवर चढलेल्या पायांची कात्री सुटते, खुब्याचं हाड खोबणीत राहायला मदत होते. पण ताठर मूल कडेवर बसत नाही म्हणून घरचे त्याला तान्ह्यासारखं दोन्ही हातांवर आडवं घेतात. आधी गुडघे पोटाशी वाकवले की ते बसतं.

भरवण्याचंही तेच. मान मागे टाकून, आडव्या मुलाच्या तोंडात वरणाचं पाणी ओतलं की ते श्वासनलिकेत जातं, आणि वारंवार होणाऱ्या न्यूमोनियामागे पुष्कळदा हेच असतं. मूल उभट बसवायचं, हनुवटी किंचित खाली, उथळ चमचा समोरून खालच्या बाजूनं आणून जिभेच्या मध्यावर हलका दाबायचा आणि ओठ मिटेपर्यंत थांबायचं. पातळापेक्षा दाटसर खिमट किंवा मऊ भात सुरक्षित. एक जेवण तासभर चालतं, त्यात पोट भरण्याआधी आई आणि मूल दोघंही थकतात, म्हणून त्याच वाटीत चमचाभर तेल किंवा तूप वाढवायचं.

वस्तीतल्या कामाची सुरुवातीची वर्षं निर्दोष नव्हती. कुठे सगळ्या मुलांना व्यायामाचा एकच झेरॉक्स कागद मिळाला, कुठे थेरपी म्हणजे मालिश आणि पाय ओढणं एवढंच उरलं. २०१३ मध्ये संशोधक इओना नोवाक आणि सहकाऱ्यांनी सीपीवरच्या उपचारांच्या सगळ्या पुराव्यांची छाननी केली. मुलानं स्वतः करायच्या ठरावीक कामाचा सराव आणि नीट आखलेला घरचा कार्यक्रम यांच्या बाजूनं भक्कम पुरावा निघाला, तर दुसऱ्यानं केलेल्या निष्क्रिय हाताळणीची बाजू लंगडी पडली. म्हणजे ‘पाय वीस वेळा ताणा’ यापेक्षा ‘सदऱ्याच्या बाहीत हात त्यानंच घालायचा’ हे काम मोठं. त्याच वर्षी, दक्षिण आफ्रिकेतल्या पालक-प्रशिक्षणाच्या आधारे बांगलादेशात घडवलेली पुस्तिका आली. आठ-दहा कुटुंबांचा गट, महिन्यातून एकदा, एका वेळी एकच विषय : बसवणं, भरवणं, खेळ, संवाद.

भारतात १९९५ चा अपंगांचा कायदा, सीपीचं नाव घेऊन आलेला १९९९ चा राष्ट्रीय न्यास कायदा आणि २०१६ चा नवा कायदा यांनी हक्क कागदावर आणले. फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघरला सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमानं अंगणवाडीत तपासणी आणली. मूल लवकर सापडू लागलं, हे चांगलंच झालं. पण सापडलेल्या मुलाच्या घरी दर पंधरा दिवसांनी जाणारी पगारी कार्यकर्ती अजूनही बहुधा देणगीच्या प्रकल्पावर असते, आणि प्रकल्प तीन वर्षांत संपतो.

आता वस्तीच बदलते आहे. चाळीच्या ओट्यावर मूल दिवसभर चार जणांच्या नजरेत असायचं, शेजारीण भरवायची, गट त्याच गल्लीत भरायचा. झोपडपट्टी पुनर्वसनाच्या इमारतीत ३०० चौरस फुटांचं पक्कं घर आणि घरातच संडास मिळतो, जो या आयांसाठी फार मोठा दिलासा आहे. पण दार बंद असतं, आणि लिफ्ट बंद पडली की चौदाव्या मजल्यावरचं वीस किलोचं मूल खाली येत नाही. वस्तीत काम करणाऱ्यांना गट आता मजल्यांप्रमाणे पुन्हा बांधावे लागत आहेत.