एसीचा गॅस ‘संपत’ नाही

“उन्हाळा आला, गॅस भरून घ्या. दरवर्षी भरावा लागतोय? मग एसी बदलाच.” हे इतकी वर्षं कानावर पडतंय की लोकांना ते खरंच वाटतं.

एसीतला गॅस स्कूटरच्या पेट्रोलसारखा जळत नाही. बंद नळ्यांतून तोच गॅस फिरत राहतो, खोलीतली उष्णता उचलून बाहेर टाकतो. तो कमी झाला म्हणजे गळती आहे, वयाचा दोष नव्हे. बरेचदा ती आउटडोअर युनिटच्या पितळी नटापाशी सापडते. तिथे तेलकट डाग आणि त्यावर चिकटलेली धूळ दिसते. साबणाचं पाणी लावा, बुडबुडे येतात. जोड नीट करून, व्हॅक्यूम पंपाने नळ्यांतली हवा काढून, वजन करून गॅस भरला की काम झालं. गळती न शोधता गॅस भरणं म्हणजे फुटक्या माठात पाणी ओतणं. (त्याआधी फिल्टर धुऊन पाहा, कधी दोष तेवढाच असतो.)

मग बदलायचा केव्हा? किनाऱ्यावरच्या खाऱ्या हवेने कॉइल जागोजागी सडली असेल किंवा कॉम्प्रेसर गेला असेल, आणि यंत्र दहा-बारा वर्षांचं असेल, तर मी दुरुस्तीवर पैसे घालणार नाही.

जुन्या एसीत आर-22 हा जुन्या प्रकारचा गॅस असेल तरी घाबरू नका. 2025 पासून बंदी आहे ती नव्या यंत्रांत तो वापरण्यावर. मात्र आर-22च्या जुन्या एसीत आर-32 हा नवा गॅस कुणालाही भरू देऊ नका, तो पेट घेऊ शकतो.