स्कूबा डाइव्हचं सुपरव्हिजन

डाइव्ह ठरल्यापासून शेवटचा माणूस पाण्याबाहेर येऊन यादीत त्याच्या नावापुढे टिक होईपर्यंतचं सगळं काम म्हणजे स्कूबा डाइव्हचं सुपरव्हिजन. जागा आणि वेळ ठरवायची, कोण कोणाचा बडी, म्हणजे पाण्याखालचा जोडीदार, ते लावायचं, हवेचा हिशोब करायचा, वर लक्ष ठेवायला माणूस ठेवायचा, ऑक्सिजनची बाटली भरलेली आहे ना ते बघायचं आणि गरज पडली तर "आज नाही" म्हणायचं. हे करणारा बहुतेक वेळा डाइव्ह मास्टर असतो. बोटीवर तांडेल (बोट चालवणारा प्रमुख) आणि डाइव्ह मास्टर अशी दोन डोकी असतात, त्यामुळे अंतिम शब्द कोणाचा ते निघायच्या आधीच ठरलेलं बरं.

मुंबईच्या डाइव्हरची गंमत अशी की शहराला तीन बाजूंनी समुद्र आहे पण डाइव्ह करण्यासारखा नाही. खाड्यांचा गाळ, नाल्यांचं पाणी, जहाजांची ये-जा, आणि पाण्याखाली स्वतःचा हात दिसण्याची मारामार. ऑगस्ट २०१३ मध्ये मुंबईच्या डॉकयार्डात सिंधुरक्षक पाणबुडीवर स्फोट झाले तेव्हा नौदलाच्या डायव्हरना अशाच गढूळ पाण्यात जवळजवळ चाचपडत काम करावं लागलं होतं, हौशी माणसाने तिथे उतरायचा प्रश्नच येत नाही. म्हणून इथला माणूस शहरात पूलमध्ये शिकतो आणि समुद्रासाठी मालवण-तारकर्ली, गोव्याचं ग्रँड आयलंड, मुर्डेश्वरजवळचं नेत्राणी आणि खिसा जड असेल तर अंदमान गाठतो. म्हणजे शुक्रवारची रात्रीची बस, दोन दिवस डाइव्ह, सोमवारी ऑफिस. सुपरव्हायझरची निम्मी भांडणं या घड्याळाशीच असतात, कारण पैसे भरून, रात्रभर जागून, एसी बसमध्ये नाक चोंदवून आलेल्या माणसाला "तू आज उतरू नकोस" हे ऐकायचं नसतं. चोंदलेल्या नाकाने कान इक्वलाइज होत नाहीत, म्हणजे कानातला दाब बाहेरच्या दाबाशी जुळत नाही, आणि जबरदस्ती केली तर कानाच्या पडद्याला इजा होते, त्यामुळे सकाळी सगळ्यात आधी झोप आणि सर्दी विचारायची, दमा आणि हृदयाचं तर फॉर्मवरच विचारलेलं असतं पण लोक तिथे सर्रास "नाही" लिहितात म्हणून तेही तोंडी परत एकदा.

वेळ ठरवताना भरती-ओहोटी. उधाणाला मुंबईत पाणी साडेचार-पाच मीटरपर्यंत चढतं, पावसाळ्यात पालिका साडेचार मीटरवरच्या भरत्यांची यादी काढते ती त्यामुळेच. खाली मालवणकडे हा फरक बराच कमी, पण प्रवाह तिथेही असतोच. कोळ्यांचा जुना हिशोब आहे, तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीचा तास ढोबळमानाने मिळतो, म्हणजे चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, पाणी जोरात ओढतं. अष्टमीच्या आसपास भांग, पाणी त्यामानाने शांत. नवख्यांना घेऊन जायचं असेल तर भांगाचे दिवस बघून बुकिंग करावं असं आमचं मत, पण बुकिंग होतं ते लाँग वीकेंड बघून, तिथीचं कॅलेंडर कोणी उघडत नाही. पावसाळ्यात तर प्रश्नच मिटला, सगळं बंद.

किनाऱ्यावरून

किनाऱ्यावरून उतरताना बाहेर कुठून यायचं ते आधी बघायचं, आत कुठून जायचं ते नंतर. भरतीला सपाट वाटलेल्या जागी ओहोटीला कालवं चिकटलेले खडक वर आलेले असतात आणि दमलेला माणूस तिथेच गुडघे फोडून घेतो. लाटा फुटत असतील तर मास्क घालून, रेग्युलेटर (सिलिंडरमधली हवा घ्यायचं यंत्र) तोंडात ठेवून, फिन्स घातल्या असतील तर उलटं चालत, बडीचा हात धरून जायचं. सुरुवात प्रवाहाच्या विरुद्ध दिशेने, म्हणजे परतताना प्रवाह मदतीला येतो. आणि किनाऱ्यावर एक माणूस पूर्ण वेळ उभा हवा, ज्याच्याकडे यादी, उतरल्याची वेळ, परत यायची वेळ आणि चार्ज असलेला फोन आहे, सामान राखायला बसवलेला मित्र हे काम करू शकत नाही.

बोटीवरून

बोटीचा सगळ्यात मोठा धोका बोटच. माणसं पाण्यात असताना पंखा फिरता कामा नये. इंजिन न्यूट्रलला आहे असं तांडेलाने तोंडाने सांगितल्याशिवाय कोणी उडी मारायची नाही आणि शिडीकडेही यायचं नाही. बोटीवर अल्फा झेंडा लावतात, पांढरा-निळा, खाली डायव्हर आहेत लांब राहा असं सांगणारा, पण कोकणात मासेमारीच्या आणि पर्यटकांच्या सगळ्याच बोटी तो ओळखतील यावर विसंबू नये, म्हणून प्रत्येक जोडीकडे वर सोडायचा मार्कर बॉय, म्हणजे पाण्यावर तरंगणारी खूण, आणि शिट्टी हवी. छोट्या बोटीच्या काठावरून पाठमोरं पडायचं, मोठ्या बोटीवरून लांब पाऊल टाकून उतरायचं. प्रवाह असेल तर नांगराच्या दोराला धरूनच खाली जायचं आणि बोटीमागे एक लांब दोर तरंगता सोडायचा, वाहत जाणाऱ्याला पकडायला. जाळ्यांचे तुकडे पाण्यात कुठेही भेटतात, ते कापायला चाकू किंवा लाइन कटर हवाच.

मग हजेरी. जानेवारी १९९८ मध्ये ऑस्ट्रेलियात ग्रेट बॅरियर रीफवर एका बोटीने मोजणीत घोळ केला आणि एक अमेरिकन जोडपं समुद्रातच राहिलं, दोन दिवसांनी बोटीवर त्यांचं सामान सापडलं तेव्हा कुठे लक्षात आलं, ते दोघं कधीच मिळाले नाहीत. तेव्हापासून डोकी मोजण्यावर भागत नाही. नाव घ्यायचं, चेहरा बघायचा, उत्तर त्या माणसानेच द्यायचं, "तो आहे मागे, कपडे बदलतोय" असं दुसऱ्याने सांगितलेलं चालत नाही. आणि सगळे वर आले म्हणजे काम संपलं असंही नाही, मे २०२२ मध्ये तारकर्लीला स्कूबा करून परतणारी पर्यटकांची बोट उलटली आणि दोघांचा जीव गेला. परतीच्या वाटेवर लाइफ जॅकेट अंगावर असलंच पाहिजे, घाम येतो, फोटो वाईट येतात, तरी.

हवेचा हिशोब

दर १० मीटरला एक वातावरण दाब वाढतो आणि हवा त्याच पटीत जास्त लागते. ११ लिटरचा सिलिंडर २०० बारला भरला तर २२०० लिटर हवा. त्यातले ५० बार राखीव ठेवले की वापरायला १६५० लिटर उरतात. शांत माणूस वर मिनिटाला २० लिटर घेत असेल तर २० मीटरवर दाब तिप्पट म्हणून ६० लिटर घेतो, म्हणजे २७ मिनिटं. घाबरलेला नवखा दीडपट हवा ओढतो, त्याची १८ मिनिटंच. यात खाली जाणं-वर येणं धरलेलं नाही. म्हणून ग्रुपची वेळ सगळ्यात जास्त हवा पिणाऱ्यावरून ठरते, आणि खाली गेल्यावर गेज, म्हणजे किती हवा उरली ते, दर पाच मिनिटांनी विचारायचं. खोलीची मर्यादा बेसिक कोर्सवाल्याला १८ मीटर, हौशी डाइव्हिंगची कमाल ४०. वर येताना मिनिटाला ९ मीटरपेक्षा जास्त वेग नको, ५ मीटरवर तीन मिनिटं थांबायचं आणि श्वास कधीच रोखायचा नाही. शेवटच्या १० मीटरमध्ये हवा दुप्पट फुगते, त्यामुळे फुप्फुसाची इजा पूलमध्येसुद्धा होऊ शकते. बडी दिसेनासा झाला तर एक मिनिट शोधून दोघांनीही सावकाश वर यायचं.

गडबड झाली तर

वर न आलेल्या माणसाची वाट बघत बसायचं नाही. शेवटचं दिसलेल्या जागी बॉय टाकायचा, एकाने फक्त बुडबुडे बघायचे, आणि बोटीवरच्या व्हीएचएफ रेडिओच्या चॅनल १६ वर किंवा कोस्ट गार्डच्या १५५४ नंबरवर लगेच कळवायचं, माणूस सापडला तर नंतर नको म्हणता येतं. बाहेर काढलेल्याला शंभर टक्के ऑक्सिजन, आडवं झोपवणं आणि चेंबर (वाढवलेल्या दाबाखाली उपचार करायची खोली) असलेलं हॉस्पिटल, परत पाण्यात उतरवायचं नाही. मुंबईत या विषयातलं मोठं ठिकाण म्हणजे कुलाब्याचं नौदलाचं अश्विनी रुग्णालय.

बेंड्स म्हणजे रक्तात-सांध्यात नायट्रोजनचे बुडबुडे, आणि मुंबईकराचा इथे हमखास गोंधळ होतो कारण लक्षणं अनेकदा काही तासांनी येतात: सांधा दुखतो, मुंग्या येतात, विचित्र थकवा वाटतो. माणूस तोवर स्लीपर बसमध्ये असतो आणि सगळं त्या सीटवर ढकलतो. एका साध्या डाइव्हनंतर १२ तास, जास्त डाइव्ह असतील तर १८ तास विमान नको, डीकंप्रेशन, म्हणजे वर येताना सक्तीचे थांबे, लागलं असेल तर २४ तासांच्या पुढे. तेव्हा रविवारी सकाळी डाइव्ह आणि दुपारी फ्लाइट हा प्लॅन सुपरव्हायझरने शुक्रवारीच मोडायचा. घाटाचंही तसंच. हे आकडे साधारण ६०० मीटरच्या वरच्या उंचीला लागतात आणि आंबोली ६९० मीटरच्या आसपास आहे, त्यामुळे त्याच दिवशी आंबोली-कोल्हापूरमार्गे परतण्यापेक्षा कोकण रेल्वे किंवा खालचा मुंबई-गोवा हायवे बरा, रस्ता कितीही खराब असला तरी.