एजी ऑफिसपासून अ‍ॅपपर्यंत

ध्यानाचं अ‍ॅप बनवणं आज फायनल इयरच्या पोरांनाही जमण्यासारखं आहे. एक टायमर, एक घंटा, तीन-चार ऑडिओ फाइली आणि रोज आठवण देणारं नोटिफिकेशन, झालं. मिहान औद्योगिक क्षेत्रातल्या शिफ्टवाल्यांसाठी किंवा अभ्यासिकेत दिवस काढणाऱ्या एमपीएससी-नीटच्या मुलांसाठी असं काही करावं, असं नागपुरात बऱ्याच जणांच्या डोक्यात येतं. पण गाडी अडते ती कोडिंगवर नाही. किती मिनिटं ठेवायची, यावर अडते. तीन? दहा? वीस? या प्रत्येक आकड्यामागे कुणीतरी काहीतरी कापलेलं आहे, आणि ते कुणी, कुणासाठी कापलं हे बघण्यासारखं आहे.

सुरुवात रंगूनच्या एजी ऑफिसातून, म्हणजे अकाउंटंट जनरलच्या कचेरीतून करावी लागते. आपल्या सिव्हिल लाइन्सच्या एजी ऑफिससारखंच, फायली आणि हिशेबांचं. सयाजी ऊ बा खिन तिथले अधिकारी. 1937 मध्ये ते एका शेतकरी गुरूकडे विपश्यना ही बौद्ध ध्यानपद्धती शिकले आणि 1948 मध्ये ब्रह्मदेश स्वतंत्र झाल्यावर देशाचे अकाउंटंट जनरल झाले. कचेरीतच त्यांनी ध्यानासाठी जागा काढली आणि हाताखालच्या लोकांना शिकवायला लागले. भिक्खू वर्षानुवर्षं करतात ती साधना नोकरदाराच्या रजेत कशी बसवायची, हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता. त्यांचं उत्तर म्हणजे दहा दिवसांचं शिबिर. ‘बिझी प्रोफेशनल’साठी ध्यान ही कल्पना कॅलिफोर्नियात जन्मली, असं समजणाऱ्यांनी हा साहेब एकदा तरी लक्षात घ्यावा.

त्यांचे शिष्य सत्यनारायण गोयंका 1969 मध्ये भारतात आले. पहिलं शिबिर मुंबईत झालं, पुढे इगतपुरीला धम्मगिरी हे केंद्र उभं राहिलं. नागपूरला मात्र या साधनेकडे बघण्याचं स्वतःचं कारण होतं. 14 ऑक्टोबर 1956 रोजी दीक्षाभूमीवर बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली होती आणि इथल्या हजारो घरांत बुद्धवंदना रोजची होती. त्यामुळे विपश्यना इथे ‘वेलनेस’ म्हणून आली नाही. माहुरझरीच्या धम्मनाग केंद्रावर दहा दिवस बसून आलेला काका-मामा अनेक कुटुंबांत सापडेल.

तिथला दिनक्रम अ‍ॅपवाल्यांनी नीट पाहावा. पहाटे चारला घंटा. आर्य मौन, म्हणजे आपसात बोलणं आणि खुणाही बंद. पहिले तीन दिवस फक्त आनापान, म्हणजे येणारा-जाणारा श्वास नुसता जाणायचा. आणि सूचना देणारा आवाज? तो गोयंकांचाच, पण रेकॉर्ड केलेला. समोर साहाय्यक आचार्य बसतात. म्हणजे रेकॉर्डेड आवाज ऐकून ध्यान करणं फोनने आणलेलं नाही. फरक एवढाच की तिथे फोन आत जाण्याआधी जमा करावा लागतो.

विपश्यनेखेरीजही या शहराला बसण्याची सवय होतीच. रामनगरचं जनार्दनस्वामी योगाभ्यासी मंडळ दशकानुदशकं पैसे न घेता आसन-प्राणायाम शिकवतं. तुकडोजी महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळांत पहाटे सामुदायिक ध्यान आणि संध्याकाळी सामुदायिक प्रार्थना चालते. यात ‘सामुदायिक’ हा भाग महत्त्वाचा. अ‍ॅपमध्ये पहिला बळी त्याचाच जातो.

दुसरी वाट बोधगयेहून अमेरिकेला गेली. 1970 च्या आसपास तिथे गोयंका आणि विपश्यनेचे दुसरे शिक्षक मुनींद्र यांच्याकडे शिकलेल्या अमेरिकन तरुणांनी परत जाऊन मॅसॅच्युसेट्समधल्या बॅरी गावी केंद्र काढलं. त्याच राज्यात वूस्टरच्या मेडिकल कॉलेजात जॉन कबाट-झिन यांनी 1979 मध्ये जुनाट दुखण्यांच्या रुग्णांसाठी आठ आठवड्यांचा कार्यक्रम सुरू केला. हे गृहस्थ एमआयटीत मॉलिक्युलर बायॉलॉजी शिकलेले. आठवड्यातून एकदा वर्ग आणि घरी रोज 45 मिनिटांचा सराव, तोही सोबत दिलेली कॅसेट लावून. ध्यानाच्या अ‍ॅपचा खरा पूर्वज ती कॅसेट आहे.

तीन मिनिटांचं प्रकरण त्यानंतरचं. नैराश्य उलटू नये म्हणून सीगल, विल्यम्स आणि टीसडेल या मानसशास्त्रज्ञांनी कबाट-झिन यांच्या पद्धतीवर उपचार बेतला. त्यांची मांडणी 2002 मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात दिवसातून कधीही करता येईल असा तीन मिनिटांचा श्वासाचा थांबा होता. पण तो पूर्ण आठ आठवडे शिकणाऱ्यांसाठी. अ‍ॅपवाल्यांनी थांबा तेवढा उचलला, आठवडे सोडून दिले.

पुढचं भराभर घडलं. 2008 मध्ये अ‍ॅप स्टोअर आलं. 2010 मध्ये लंडनमध्ये हेडस्पेस ही ध्यान शिकवणारी कंपनी सुरू झाली. संस्थापकांपैकी अँडी पुडिकोम्ब हे पूर्वाश्रमीचे भिक्खू. त्यांनी दिवसाला दहा मिनिटं रूढ केली. 2012 मध्ये ‘काम’ (Calm) ही दुसरी कंपनी आली आणि 2019 पर्यंत त्या कंपनीचं मोल एक अब्ज डॉलरवर गेलं. 2016 मध्ये अ‍ॅपल वॉच मनगटावर थरथरून एका मिनिटाचा श्वास घ्यायला सांगू लागलं. त्याच वर्षी आपल्याकडे जिओ आलं आणि ऑडिओ ऐकायला डेटा मोजायची गरज संपली.

टिकतं किती, हा प्रश्न मात्र राहिला. मानसिक आरोग्याच्या 93 अ‍ॅपांचा प्रत्यक्ष वापर तपासणारा अभ्यास 2019 मध्ये प्रसिद्ध झाला. अ‍ॅप घेतल्यापासून तिसाव्या दिवशी ते उघडणारे लोक मध्यकाने 3.3 टक्के निघाले. यावर कंपन्यांनी शोधलेलं औषध म्हणजे स्ट्रीक: सलग किती दिवस झाले ते दाखवायचं आणि खंड पडला की शून्य. टेस्ट सिरीजच्या रँकने आधीच घाबरलेल्या मुलाला आणखी एक रँक देणं, यापलीकडे मला त्यात काही दिसत नाही.

शाळांतला अनुभवही भुईवर आणणारा आहे. ब्रिटनमध्ये आठ हजारांहून जास्त मुलांवर झालेल्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष 2022 मध्ये आले. वर्गात सरसकट माइंडफुलनेस, म्हणजे सजगतेचं ध्यान, शिकवल्याने नेहमीच्या शिकवण्यापेक्षा मुलांचं मानसिक आरोग्य सुधारलं, असं दिसलं नाही. मोठ्यांवरच्या अभ्यासांत चिंता आणि नैराश्य काही प्रमाणात कमी झालेलं आढळतं, पण ते बहुतेक शिक्षक असलेल्या, काही आठवडे चालणाऱ्या कार्यक्रमांत. म्हणून केंद्र सरकारच्या टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक पहिल्याच स्क्रीनवर असावा. सेटिंग्जच्या तळाशी नको.

कायद्याची बाजू अजून नवी आहे. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात 18 वर्षांखालचा माणूस मूल धरला जातो. त्याचा डेटा घ्यायचा तर पालकांची पडताळलेली संमती लागते आणि त्याच्या वागण्यावर पाळत ठेवता येत नाही. अकरावी-बारावीची नीट-जेईईची मुलं बहुतेक याच वयाची. ‘आज कसं वाटतंय?’ विचारून उत्तर सर्व्हरवर साठवणारं अ‍ॅप इथे सरळ अडकतं. लॉगिनच ठेवलं नाही, ऑडिओ फोनमध्येच उतरवून दिला आणि नोंदी फोनबाहेर जाऊ दिल्या नाहीत, तर हा बराचसा व्याप टळतो. सर्व्हरचं भाडंही वाचतं.