माळ घालणे (वारकरी संप्रदाय)

माळ घालणे : वारकरी संप्रदायात येण्याचा विधी आणि त्याबरोबर जन्मभरासाठी पत्करलेला आचार. तुळशीच्या काष्ठाच्या १०८ मण्यांची माळ गळ्यात पडली की त्या माणसाला ‘माळकरी’ म्हणतात. खेड्यात ‘त्यानं माळ घातली’ एवढे सांगितले तरी पुरते. दारू सुटली, मटण सुटले, हे ऐकणाऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही.

विधी अगदी साधा आहे. ज्ञानेश्वरीवर माळ ठेवायची, पाया पडायचे आणि फडावरच्या (फड म्हणजे एका गुरुपरंपरेला मानणाऱ्या वारकऱ्यांचा समूह) किंवा गावातल्या जाणत्या वारकऱ्याच्या हातून ती गळ्यात घालून घ्यायची. होमहवन नसते. कानात सांगायचा गुप्त मंत्रही नसतो. ‘रामकृष्णहरी’ हा मंत्र चारचौघांत मोठ्याने म्हणायचा असतो. स्त्रियाही माळ घालतात. विधी घटकाभरात उरकतो. अवघड असतात ते पुढचे नेम. एकादशीचा उपवास, रोजचा हरिपाठ, पंढरीची वारी, मद्यमांसाचा त्याग, परद्रव्याचा लोभ न धरणे, परस्त्रीला आईसमान मानणे. खोटे न बोलणे हाही त्यांतलाच एक नेम, आणि रोजच्या व्यवहारात बहुधा सर्वांत जड जाणारा.

माळ आणि नवस यांची गल्लत होऊ नये. नवस बोलणारा देवाकडे काही मागतो आणि मिळाले की फेडतो. माळकऱ्याने आपला भार आधीच पांडुरंगावर टाकलेला असतो. पुढे पीक बुडाले किंवा घरात मृत्यू झाला तरी माळ गळ्यातच राहते. या निष्ठेचे सर्वांत मोठे उदाहरण म्हणजे तुकाराम महाराज. इ. स. १६३० च्या सुमाराच्या भीषण दुष्काळात देहूतला त्यांचा व्यापार बुडाला. पहिली पत्नी रखमाबाई अन्नावाचून गेली, मुलगाही दगावला. विठ्ठलाची भक्ती घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या होती, पण तुकोबांचे आयुष्य पालटले ते या आघातांनंतर. ते भंडाऱ्याच्या डोंगरावर एकांतात बसू लागले. लोकांकडून येणे असलेल्या कर्जाची खते त्यांनी इंद्रायणीत सोडली, असे परंपरा सांगते. दिवाळे निघाले, दुष्काळाने पिडले, ते बरेच झाले, असे पुढे त्यांनी देवालाच सांगितले. हे वाचताना आजही अंगावर काटा येतो, कारण बोलणारा माणूस भुकेने माणसे मेलेल्या घरातला आहे. त्यांनी या पालटाचे कारण ‘अनुताप’ या शब्दात सांगितले आहे, आणि माळ घालण्यामागची वृत्तीही तीच मानली जाते.

वारीचा रस्ता हा त्या निष्ठेचा दरवर्षीचा सराव. आळंदीहून ज्ञानेश्वर माउलींची आणि देहूहून तुकोबांची पालखी ज्येष्ठ वद्यात निघते आणि सुमारे २५० किलोमीटर चालून आषाढ शुद्ध दशमीला पंढरपुरात पोहोचते. माउलींच्या पालखीला पुण्याहून सासवडला जाताना दिवे घाट चढावा लागतो. पायांना फोड येतात, पावसात भिजल्या कपड्यांनी चालावे लागते. शेतकरी माळकऱ्याची खरी कसोटी मात्र निघण्याआधीच लागते. हे दिवस पेरणीचे. कधी पेरणी होऊन पाऊस दडी मारतो, कधी पेरणीच खोळंबते. अशा वेळी शिवार मागे ठेवून दिंडीत पाऊल टाकणे म्हणजे विश्वास काय असतो, हे ज्याचे पोट शेतीवर आहे त्यालाच पुरते कळेल.

माळ एकट्याच्या जिद्दीवर टिकत नाही, ही या प्रथेची मोठी समज आहे. दिंडीत प्रत्येकजण दुसऱ्याला ‘माउली’ म्हणतो आणि वाकून पाया पडतो; वयाने, मानाने मोठा माणूसही लहानाच्या पाया पडतो. गावी परतल्यावर मंडळी हरिपाठाला रोज एकत्र येतात, कोणी आला नाही तर विचारपूस होते. पंगतीत, लग्नात कोणी आग्रह केलाच, तर ‘गळ्यात माळ आहे’ हे तीन शब्द पुरतात आणि आग्रह करणाराही ओशाळून हात मागे घेतो. अर्थात सगळ्यांचीच माळ टिकते असे नाही. जुन्या व्यसनाच्या ओढीने माळ काढून ठेवणारेही असतात. त्यांतले काही वर्षा-दोन वर्षांनी पुन्हा ज्ञानेश्वरीपुढे येऊन उभे राहतात आणि माळ पुन्हा घातली जाते.

आषाढी पौर्णिमेला पंढरपूरजवळच्या गोपाळपुरात काला होतो आणि पालख्या माघारी फिरतात. या परतवारीत येतानाची गर्दी नसते. बहुतेक वारकरी एसटीने किंवा मिळेल त्या वाहनाने गावी गेलेले असतात. शेतात तोवर तण माजलेले असते. पुढची एकादशी वद्य पक्षात लगेच येते, आणि ती ज्याची त्याने आपल्या घरी करायची असते.